तिसरं कॅरेट

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो. बायको म्हणते, "झालं तुमचं सुरू." पण ज्यांच्या घरात पदवीच्या फ्रेमा आधीपासून लटकलेल्या असतात, त्यांना त्यातलं कळणार नाही. माझं गाव हिवरखेडकडचं, कापसाचा मुलूख. बापाला सही येत होती, आईला तीही नाही. मी अकोल्यात बी.एस्सी. झालो, बी.एड. केलं आणि मोर्शीजवळच्या एका हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर म्हणून लागलो. "मी स्वतःच्या हिमतीवर शिकलो, तुम्हाला काय धाड भरली?" हे वाक्य मी वर्गात इतक्यांदा म्हटलं, की पोरं माझ्यामागे माझ्याच आवाजात त्याची नक्कल करायची.

अभिमान असावा माणसाला. पण माझ्या अभिमानापायी एका मुलीचं जे नुकसान झालं, ते मी कुणाजवळ बोललो नाही. आता लिहितो.

अठरा वर्षांपूर्वी अमरावतीला आमचं प्रशिक्षण होतं. शिकवायला आलेल्या बाई बारीक आवाजाच्या, पण मुद्द्याच्या. वर्गातली सगळी मुलं एका मापाची नसतात, म्हणून सगळ्यांना एकाच मापानं शिकवू नका, असं त्यांनी सांगितलं. मला पटलं. आमच्या नववीत पन्नासावर पोरं. काही पुस्तक घडाघडा वाचणारी, काही अक्षराला अक्षर लावून वाचणारी. मी वहीत लिहून घेतलं: तीन गट, तीन प्रकारचे कागद. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्या बाई विज्ञानाच्या शिक्षकानं मुलांना विज्ञान वाचायला कसं शिकवावं, यावर बोलणार होत्या. मी शेजारच्या मास्तराला म्हटलं, "वाचन शिकवणं मराठीच्या बाईंचं काम आहे बावा. आपण विज्ञानवाले."

तो म्हणाला, "मंग चाला, गिला वडा खाऊ."

गेलो. वडा चांगला होता, हे अजून आठवतं. बाई काय म्हणाल्या ते आठवायला मी तिथं नव्हतोच.

शाळेत परतल्यावर मात्र झपाटल्यासारखं काम केलं. प्रत्येक धड्याचे तीन कागद, स्वतःच्या हातानं लिहिलेले, मग त्यांच्या झेरॉक्स. पहिल्या गटाला पुस्तकातलाच मजकूर आणि वर डोकं खाजवायला लावणारे प्रश्न. दुसऱ्याला जरा सोपं. तिसऱ्याला अगदी चार-पाच ओळी, मोठ्या अक्षरात, अवघड शब्द एकही नाही. कागद ठेवायला एका पोराच्या वडिलांकडून संत्र्याची तीन रिकामी प्लास्टिकची कॅरेट मागून आणली आणि दाराशी ओळीनं मांडली. गटांना नाव दिलं नाही, नंबर दिला नाही, कुणाला कमीपणा वाटू नये म्हणून. आपापल्या कॅरेटातून कागद घ्या नि बसा. मला वाटलं, काय हुशारी केली आपण!

मी कापसाकडचा माणूस. ती पोरं बागेतली. संत्र्याचा तोडा झाला की झाडाखाली ढीग पडतो आणि छाटणी करणारे बसतात. मोठा माल एका कॅरेटात, मध्यम दुसऱ्यात, आणि बारकी, डागी फळं तिसऱ्यात. त्यांना चुरी म्हणतात. चुरी लांबच्या गाडीत चढत नाही. वर्गातल्या निम्म्या पोरांनी सुट्टीत हे काम स्वतः केलेलं. तीन कॅरेट ओळीनं दिसल्यावर त्यांना नाव सांगायची गरजच नव्हती. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, "ए चुरी, सरक न तिकडे!" वर्ग हसला. मीही हसलो. चुरी म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत झालं तेव्हाही मी कॅरेट उचलली नाहीत. मेहनत केलेली होती न.

तिसऱ्या कॅरेटातून कागद घेणाऱ्यांत एक मुलगी होती. वडील एकरभर जमिनीत वांगी-मेथी लावायचे आणि मोर्शीच्या बाजारात घेऊन बसायचे. ती अडखळत वाचायची, ओळीखाली बोट ठेवून. आईचा ताप उतरेना म्हणून रक्त तपासायला ती आईसोबत अमरावतीला गेली होती. तिथं काचेपलीकडे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली एक बाई तिनं पाहिली. परत आल्यावर मधल्या सुट्टीत मला गाठलं.

"सर, ते रक्त तपासनारी बाई होयाले काय शिका लागते?"

"बारावी सायन्स. मग पुढचा कोर्स."

"म्हणजे दहावीत विज्ञानात मार्क पाह्यजेत."

"पाहिजेतच."

"मंग घेईन," ती म्हणाली. जसं काही बाजारातून पावभर मिरची आणायची आहे.

नववी सरली, दहावी आली, कॅरेट दाराशीच होती. एक दिवस परासरणाचा धडा होता. परासरण म्हणजे पातळ पडद्यातून पाणी घट्ट द्रावणाच्या बाजूला झिरपणं. मी उदाहरण विचारलं. पहिल्या गटातल्या पोरांनी व्याख्या म्हणून दाखवली, पुस्तकातली, स्वल्पविरामासकट. उदाहरण कुणाला येईना. मग तिचा हात वर झाला.

"सर, कैरीच्या फोडीले मीठ लावलं का पानी सुटते. मीठ बाहेर हाय म्हनून आतलं पानी बाहेर येते. तसंच न?"

इतकं नेमकं उदाहरण मलाही सुचलेलं नव्हतं. मी शाबासकी दिली. तास संपल्यावर ती मैत्रिणीचं पुस्तक घेऊन टेबलाशी आली. पुस्तक तिच्याकडेही होतं, पण माझे कागद मिळायला लागल्यापासून ती ते घरीच ठेवत असे.

"पन सर, हे पुस्तकात कुठी लिहिलं हाय?"

त्या पानावर सात-आठ ओळींचा परिच्छेद होता. संहती, निवडक्षम पारपटल, असे शब्द. एक वाक्य तर तीन ओळी चाललेलं. पुढचा तास दुसऱ्या वर्गावर होता. मी म्हटलं, "पुस्तक राहू दे. तुझ्या कागदावर सोपं करून दिलं आहे, ते वाच."

"कागदावर 'पाणी झिरपते' एवढंच हाय सर."

"तेवढं पुरे तुला."

तिनं पुस्तक मैत्रिणीच्या बाकावर ठेवून दिलं. एक पोरगं तिला चिडवत होतं, "काय व, चुरीले एक्सपोर्टचा माल पाह्यजे का?" तिनं त्याला एक रपाटा घातला आणि सगळे हसत बाहेर गेले. मी फळा पुसला.

दोन वर्षं तिनं माझेच कागद वाचले. माझ्या चाचण्यांत मार्कही चांगले पडत, कारण चाचणीही तीन प्रकारची असायची. ती खूश, मी खूश. बोर्डाचा पेपर मात्र एकाच प्रकारचा असतो, आणि तो माझ्या अक्षरात नसतो.

पेपर झाल्यावर ती प्रश्नपत्रिका घेऊन शाळेत आली. "सर, ते पानी झिरपते, ते कुठी हाय याच्यात? मी तं शोधून राहिली होती." मी तिला प्रश्न दाखवला. उतारा होता, पुस्तकी भाषेतला, खाली परासरणावर प्रश्न. ज्या गोष्टीचं उदाहरण अख्ख्या वर्गात फक्त तिला आलं, तो प्रश्न तिनं कोरा सोडला होता. "हे ते होतं?" एवढंच ती म्हणाली.

ती काठावर पास झाली. सायन्सला नंबर लागला नाही. आर्ट्सला नाव घातलं आणि बारावीच्या आत लग्न झालं. निकालानंतर तिचे वडील मेथीच्या चार जुड्या घेऊन माझ्या घरी आले होते. "सर, तुमी होते म्हनून पोरगी पास तरी झाली." मी जुड्या घेतल्या. ती भाजी आम्ही खाल्ली.

आता ती गोष्ट सांगतो, जी मी वर्गात कधी सांगितली नाही.

अकोल्यात पहिल्या वर्षाला गेलो तेव्हा सगळी पुस्तकं इंग्रजीत. मी मराठीत शिकलेला. रसायनशास्त्राचं एक पान वाचायला मला अर्धा दिवस लागायचा आणि शेवटी हाती काही नाही. गावी परत जायचं म्हणून मी ट्रंक भरली होती. वसतिगृहात वरच्या वर्गातला एक मुलगा होता, त्यानं ट्रंक पाहिली. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या चहानंतर तो मला मेसमागच्या कडुनिंबाखाली बसवायला लागला. त्यानं मला सोपं पुस्तक आणून दिलं नाही. मराठीत करूनही सांगितलं नाही. माझंच पुस्तक उघडायचा.

"पह्यले आकृती पाह्य. पाह्यली? आता तिच्याखालची ओळ वाच. आता या लंब्या वाक्यात काय होऊन राहिलं, ते हुडक. कोनाचं काय होऊन राहिलं, ते हुडक. बाकीचं मंग पाहू."

"मले नाई जमत."

"तुले कोनं इचारलं जमते का म्हनून? हुडक."

रोज एक परिच्छेद. चारेक महिने. एक दिवस तो आला नाही, आणि मी पान वाचून संपवलं तेव्हा लक्षात आलं की तो आलेला नाही.

त्या मुलाला मी माझ्या गोष्टीतून काढून टाकलं. कुणी बसून शिकवलं असं सांगितलं तर हिमतीतला वाटा कमी होतो, असं वाटायचं. सांगता सांगता मलाही ते खरं वाटायला लागलं. तो आठवणीत असता, तर ती मुलगी पुस्तक घेऊन टेबलाशी आली तेव्हा मला काय करायचं ते माहीत असतं. पाच मिनिटं लागली असती. आकृती पाहा, खालची ओळ वाच, कुणाचं काय होतंय ते हुडक. प्रशिक्षणातल्या बाईंच्या तासाला बसायचीही गरज नव्हती. तिची वाट वेगळी हवी होती, हे मला बरोबर कळलं होतं. मी तिचं जायचं ठिकाणच बदलून टाकलं.

काही वर्षांनी संस्थेनं मला भातकुलीकडच्या शाखेत पाठवलं. कॅरेट मी तिकडेच सोडली. आता वर्गात सगळ्यांसमोर पुस्तक एकच असतं. कुणाला शब्द आधी सांगतो, कुणाला आकृती काढायला लावतो, कुणाच्या शेजारी बाकावर बसतो. हळू चालतं. अभ्यासक्रम मागे राहतो म्हणून मुख्याध्यापक बोलतात. बोलू देत.

यंदा पालकसभेला एक बाई सातवीतल्या मुलीला घेऊन आल्या.

"वळखलं का सर?"

मी चष्मा पुसला.

"मी तिसऱ्या कॅरेटातली," ती हसत म्हणाली.

तिचं सासर इकडचं. मुलगी आमच्याच शाळेत यंदा आली होती. तिनं पिशवीतून एक प्लास्टिकची थैली काढली आणि टेबलावर ठेवली. माझे कागद. सगळे, धड्यांच्या क्रमानं, कडा पिवळ्या पडलेल्या.

"जपून ठेवले होते. इच्या कामी येतीन नववीत. माह्यावानीच कमजोर हाय ते वाचायले. मी तं याच्यावरच पास झाली."

मागे पालकांची रांग होती. मुलगी आईच्या पदराआडून माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "तू कमजोर नव्हतीस. मी चुकलो. तुला पुस्तक वाचायला शिकवायचं, तर मी पुस्तकच तुझ्या हातातून खाली ठेवायला लावलं."

तिनं हसणं आवरलं. "जाऊ द्या न सर. आता कायले?"

मग म्हणाली, "ते कैरीचं... पुस्तकात होतं का खरंच?"

म्हणजे तिलाही तो दिवस आठवत होता. जुनं पुस्तक माझ्या कपाटात होतं. पान शोधून तिच्यासमोर ठेवलं. "आधी आकृती पाहा," मी म्हटलं. "आता खालची ओळ. आता मोठ्या वाक्यात पाणी कुठून कुठे जातं, तेवढंच हुडक."

ती वाचायला लागली. बोट तसंच ओळीखाली. मुलगीही वाकून पाहू लागली. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "सर, आमाले बस हाय बरं." मी हातानं थांबा म्हटलं. तिनं ते वाक्य एकदा वाचलं, पुन्हा मागे जाऊन वाचलं. बोट 'पारपटल' या शब्दावर थांबलं. "हे कैरीची सालपट... नाई, आतला पडदा. हो न?"

"हो."

तिनं परिच्छेद संपवला आणि पुस्तक मिटलं नाही, नुसतं पाहत राहिली.

"एवढंच होतं होय, सर?"

"एवढंच होतं."

ती उठली. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "इले सोपं देऊ नका." आणि गेली. थैली टेबलावरच होती.

ती मी घरी आणली. बायकोनं उघडून पाहिली आणि म्हणाली, "रद्दीत टाकू?" मग एक कागद उजेडात धरून, "अक्षर किती छान होतं हो तुमचं तेव्हा."

छानच होतं. एक खाडाखोड नाही कुठे. ठेव म्हटलं तिला.