उतारावरची जाळी

पावसाळ्याआधी चाचणी म्हणून टँकरचं पाणी सोडल्यावर थोड्याच वेळात उताराची माती जाळीसकट खाली आली आणि गेटच्या रस्त्यावर पसरली. चाकणच्या त्या कंपनीत मी सिव्हिलचं काम पाहत होतो. प्लँट हेड देशमुखसाहेबांनी जाळीचा तुकडा उचलला. त्याचा हातातच भुगा झाला.

"माल खराब. सप्लायर ब्लॅकलिस्ट करा. रिपोर्टवर तुमची सही लागेल."

जाळी काथ्याची, म्हणजे नारळाच्या सोडणाची. गवत मुळं धरेपर्यंत ती माती धरून ठेवते. पुढे कुजून मातीत जाते. ती पुरवली होती भोसरीत छोटं वर्कशॉप चालवणाऱ्या कदमताईंनी. त्या धावत आल्या. म्हणाल्या, "साहेब, इथं नाव गेलं तर दुसरी कंपनी मला गेटातसुद्धा घेणार नाय."

मी सही थांबवली आणि उतारावर चढलो. दोन पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात, तिथली खालची पट्टी काढून ओढली. तुटली नाही. वरची बोटानं मोडली.

साहेब म्हणाले, "वेगळा रोल असेल."

शंका रास्त होती. म्हणून एकाच रोलमधला पुरावा हवा होता, आणि तो कंपनीनंच करून ठेवला होता. उद्घाटनासाठी बनवलेला भलामोठा पत्र्याचा बोर्ड हिवाळ्यापासून उतारावर विटांवर आडवा टेकवलेला होता. त्यावर लिहिलं होतं, 'निसर्ग आमचा भागीदार'. चौघांनी तो उचलला. खालची जाळी तपकिरी आणि चिवट. तीच पट्टी बोर्डाबाहेर पांढुरकी आणि ठिसूळ.

"उन्हानं काथ्या तुटतो? आमच्या गावी काथ्यानं विणलेल्या बाजा वर्षानुवर्षं टिकतात."

"बाज पडवीत असते, साहेब."

मग समजावून सांगितलं. काथ्याला कडकपणा देतो तो लिग्निन नावाचा घटक. जंतूंना तो सहजी पचत नाही, म्हणून काथ्या मातीतही बराच टिकतो. पण ऊन नेमकं त्यालाच फोडतं. त्यानंतर जंतूंचं काम सोपं होतं, आणि ठिसूळ झालेले धागे तर ओल्या मातीच्या वजनानंच तुटतात.

"मग अशा जाळ्या इतर ठिकाणी कशा टिकतात?"

"तिथे लगेच गवत पेरतात. गवताची सावली जाळी वाचवते."

आपलं गवत का पेरलं नव्हतं, हे त्यांनी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. पहिली मूठ डायरेक्टरसाहेबांनी फोटोग्राफरसमोर टाकायची होती आणि त्यांची तारीख मिळत नव्हती. जाळी अख्खा उन्हाळा उघडी पडून होती.

रिपोर्टमध्ये मी एवढंच लिहिलं: माल योग्य, पेरणीस विलंब. साहेबांनी 'विलंब' शब्द काढता येईल का म्हणून विचारलं. मी म्हटलं, काढतो, पण मग सही दुसऱ्या कोणाची तरी घ्या. शब्द राहिला. नव्या जाळीची ऑर्डरही कदमताईंनाच गेली. या वेळी जाळी अंथरली त्याच दिवशी माळ्यांनी बी टाकलं. डायरेक्टर आले तेव्हा उतार हिरवा होता. त्यांनी हिरवळीवरच मूठभर बी उधळलं. फोटो चांगला आला.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक टेंडरमध्ये एक ओळ असते: जाळी अंथरल्या दिवशीच गवत पेरावे, समारंभ नंतर केला तरी चालेल.