भगवंत उस्तादांचे लांब पाव

येडगावच्या भगवंतानं तीस वर्षं पुण्यातल्या एका बेकरीत पीठ मळलं. सतराव्या वर्षी मैद्याची पोती उचलायला म्हणून गेला आणि होता होता भट्टीवरचा उस्ताद झाला. हॉटडॉगचे लांब पाव करावेत तर त्यानंच. एका ट्रेमध्ये चोवीस, सगळे एका आईची लेकरं वाटावीत असे. माप नाही, साचा नाही, नुसता तळहात.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा बसली. एक शब्द तेवढा मागं राहिला, "बास". पाणी हवं असलं तरी बास, नको असलं तरी बास. हो-नाहीची मानसुद्धा कधी कधी उलटीच हलायची. डोक्यात मात्र सगळं जागच्या जागी होतं. मुलानं त्याला गावी आणून सोडलं, आणि इतकी वर्षं शेत सांभाळणारी कुशाबाई आता नवऱ्यालाही सांभाळू लागली.

नात आरती आठ वर्षांची होणार होती. तिनं वाढदिवसाला हॉटडॉग मागितला. तिची आई, म्हणजे भगवंताची सून अश्विनी, म्हणाली, "उस्तादाच्या घरात इकतचे पाव कशाला? मी करते. अण्णांना पण बरं वाटंल." तिनं मैदा आणला, यीस्ट आणलं, मोबाइलवर व्हिडिओ लावला. भगवंताची खुर्ची मुद्दाम स्वयंपाकघरात मांडली.

अश्विनीनं दूध तापवलं आणि वाफा निघत असतानाच त्यात यीस्ट टाकलं. इतक्या कढत दुधात यीस्ट मरतं. बेकरीत नवं पोर आलं की पहिल्या दिवशी भगवंत हेच सांगायचा. त्यानं डावा हात भांड्याकडे नेला. भांडं कलंडलं, दूध ओट्यावरून खाली ओघळलं.

"बास, बास," तो म्हणाला.

"आवं, भाजंल की," कुशाबाई धावली. "दमलेत गं ते. भायेर बसवते."

तिनं त्याला पडवीत नेऊन बसवलं, पाठीशी उशी दिली. अश्विनीनं पुन्हा दूध तापवल्याचं त्याला आतून ऐकू आलं. तासाभरानं ती म्हणाली, "आत्या, पीठ फुगंना." भगवंतानं जोरात हाक मारली. कुशाबाई बाहेर आली, उशी नीट करून परत गेली. त्या दिवशी ट्रेमधून विटा निघाल्या. संध्याकाळी नारायणगावहून पाव आले आणि आरतीचा वाढदिवस पार पडला.

पुढच्या रविवारी अश्विनीनं पुन्हा घाट घातला. या वेळी दूध तिनं वाटीत घेऊन त्याच्यासमोरच ठेवलं होतं. भगवंतानं डाव्या हाताचं बोट वाटीत बुडवलं, चटका बसल्यासारखं मागं घेतलं आणि बोटावर फुंकर मारली. अश्विनी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनंही बोट बुडवलं.

"लई गरम हाय व्हय, अण्णा? निवू देऊ?"

त्यानं मान हलवली, आणि ती सरळ हलली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या मनातलं कुणापर्यंत पोचलं होतं. दूध कोमट झालं, यीस्टला फेस आला. भगवंत खुर्चीत पुढं सरकून बसला.

ती मळू लागली. पीठ अजून खडबडीत होतं. ताणलं तर पदरासारखं पातळ व्हायला हवं, फाटता कामा नये. निदान आणखी दहा मिनिटं लागणार होती. मळ, अजून मळ, असं त्याला सांगायचं होतं.

"बास," तो म्हणाला.

"बास? बरं." अश्विनीनं हात काढले. "उस्तादच म्हनत्यात, मग झालं."

त्यानं डावी मूठ हवेत दाबून दाखवली. कुशाबाईला वाटलं, हात आखडला. ती तो हात चोळत बसली. त्याच्या डोळ्यांदेखत अश्विनीनं पाव वळले, सांधा खाली जायला हवा तो वर ठेवला, आणि एकमेकांना खेटून लावायचे ते लांब लांब मांडले. तो बघत राहिला. बोलून बघायचंही त्यानं सोडून दिलं.

पाव निघाले ते बोटभर उंचीचे, वरून तडकलेले, कडांना कडक. पण विटा नव्हत्या. आरतीनं उभ्या उभ्या दोन खाल्ले. अश्विनीचा चेहरा फुलला होता. कुशाबाईनं एक पाव चहात कुस्करून चमच्यानं त्याच्या तोंडात घातला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"बघ, कसं भरून आलं त्यांना," कुशाबाई म्हणाली.

"आता दर रविवारी करीन, अण्णा," अश्विनी म्हणाली. "आसंच करीन, तुमी सांगितल्यावानी."

कुशाबाईनं पदरानं त्याचे डोळे पुसले आणि दुसरा चमचा पुढं केला. भगवंतानं तोंड उघडलं.