लिनोच्या मागाचा खड्डा

लिनो माझा शेजारी, रेशीम विणणारा. ओहोटी लागली की पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून तो ठाण्याच्या खाडीत उतरायचा आणि चिखलाकडे बघत उभा राहायचा. मासे नाहीत, कालवं नाहीत, नुसता चिखल. लोक हसायचे. सगळ्यांत जास्त मी हसायचो, हे आधीच कबूल करून टाकतो.

खरं तर मला हसायचा हक्क नव्हता. मीही विणकरच. चर्चमागच्या आमच्या गल्लीत एकेकाळी घरटी एक माग होता. मागापुढे पाय सोडून बसायला जमिनीत खड्डा असायचा. आधी बापाचे पाय त्यात, मग आपले. पुढे गिरण्यांचं आणि बोटीनं येणारं स्वस्त कापड बाजारात आलं आणि एकेक खड्डा बुजत गेला. माझा मी १८८० साली बुजवला आणि ठाणे स्टेशनात कंदील पुसायच्या कामाला लागलो. घरी यायचो तेव्हा हाताला घासलेटाचा वास आणि पोटऱ्यांत गोळे. गल्लीत लिनोचा माग तेवढा उरला. त्याची खटखट कानावर आली की मला बरं वाटायचं, आणि रागही यायचा.

चार वर्षांनी, श्रावणात, कल्याणचे हरिहरशेट आले. रेशीम तेच पुरवायचे आणि विणलेलं कापड तेच न्यायचे. ओसरीवर बसून त्यांनी स्पष्ट सांगितलं, "लिनो, तुझे जुने काठ आता कुणी घेत नाही. काहीतरी नवं दाखव. नाहीतर दिवाळीपासून माझं रेशीम बंद."

रेशीम बंद म्हणजे माग बंद. लिनोची साठी जवळ आली होती आणि डोळ्यांना धागा नीट दिसत नव्हता. दुसरं काम त्याला कोण देणार? त्याची बायको गर्ट्रूडबाय मला म्हणाली, "सिल्वेस्टर, यानं आता सोडावं. पन सोडून करील काय, ते मला समजत नाय."

तेव्हापासून तो चिखलात जाऊ लागला. पाणी ओसरलं की तिथे बारीक खेकडे बिळातून वर येतात, चिखल चघळतात आणि त्याच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून बिळाभोवती टाकत जातात. मधे काळं भोक, भोवती गोळ्यांच्या रांगा. भरती आली की सगळं पुसलं जातं आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा नव्यानं. आम्ही जन्मभर ते तुडवत आलो होतो. लिनोनं ते वीतभर काठात विणलं. गर्द तपकिरीवर सोनेरी ठिपके. मी ते पाहिलं. इतकं चांगलं होतं, की माझं हसणं बंद झालं.

हरिहरशेटांनाही आवडलं. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी पुरं नऊवारी लुगडं सांगितलं. भादव्याच्या पुनवेला लिनो मागावर बसला.

त्यानं कागदावर एक रेघ काढली नाही. रोज ओहोटीला जायचा, बघायचा, आणि हात विसरायच्या आत येऊन वीतभर विणायचा. मान अवघडायची, डोळ्यांतून पाणी यायचं, तसाच विणायचा. विणलेलं कापड समोरच्या लाकडी रुळावर गुंडाळलं जातं. त्यामुळे विणकराला आजची वीत दिसते, कालची दिसत नाही. सवा महिना त्यानं असा काढला.

लुगडं उतरलं त्या दिवशी हरिहरशेट आले. ओसरीवर ते उलगडलं. काठ सारखा नव्हता. काही हात गोळ्यांची दाटी, बिळाला बीळ लागलेलं. मग विरळ होत होत एखादंच बीळ. पुन्हा दाटी. एके ठिकाणी तर दोन विती काहीच नाही, कोरा काठ.

"हा काय काठ झाला?" हरिहरशेट म्हणाले. "हातात वारं भरलं की काय तुझ्या?"

लिनो काठावरून बोट फिरवत राहिला. त्यालाही उलगडेना. चेंदणीच्या कोळीवाड्यातली रंगूबाई मासळीची पाटी घेऊन दारावरून चालली होती. ती थांबली, पाटी उतरवली, पदराला हात पुसून वाकली.

"ही पुनव," ती म्हणाली. "उधाणाचं पानी, ओहोटीला लांबवर चिखल उघडा पडतो. हितं आठम. भांगाचं पानी, धड चढत नाय, धड उतरत नाय, चिखल दिसतोय कुटं? ही अवस. आणि हे कोरं हाय ना, लिनोदादा, हा हस्ताचा पाऊस. दोन दिस सगळा चिखल धुऊन गेलेला. आमच्या होड्या परत आलेल्या."

लिनोनं मान वर केली. त्यानं सगळा महिनाच काठात विणला होता, आणि ते त्याला आत्ता कळत होतं.

हरिहरशेट हसले. "लग्नात पोरीला भरती-ओहोटी नेसवू?" माणूस वाईट नव्हता. खिशातून छापील फुलांचा कागद काढून त्यांनी लिनोपुढे धरला. "ही फुलं विण. इथून तिथून एकसारखी. रेशीम देतो."

"नाय जमायचं, शेट," लिनो म्हणाला. "दमलो आता."

मी ओरडलो त्याच्यावर. घे म्हटलं कागद, मोठा आलास कलावंत! पण त्यात मिजास काही नव्हती. तो खरंच दमला होता, आणि मलाच ते बघवत नव्हतं. हरिहरशेटांनी लुगडं काखोटीला मारलं. रेशीम त्यांचं होतं. घरी कुणीतरी नेसेल म्हणाले.

दिवाळी झाल्यावर लिनोनं माग सोडवला. खड्डा भरायला खाडीतला ओला चिखल स्वतः पाट्यांनी वाहून आणला. मी दोन पाट्या उचलल्या, मग माझी कंबर बोलायला लागली. संध्याकाळपर्यंत जमीन सपाट झाली.

सकाळी गर्ट्रूडबायनं मला हाक मारली. मी गेलो तर ती केरसुणी हातात धरून उभी होती आणि लिनो जमिनीवर बसला होता. बुजवलेल्या खड्ड्याच्या मधोमध एक भोक पडलं होतं आणि त्याभोवती मोहरीएवढ्या गोळ्यांच्या रांगा. चिखलाबरोबर एक खेकडा घरात आला होता.

"झाडू नको," लिनो म्हणाला आणि रडायला लागला. इतक्या दिवसांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

मी घरी आलो. कामावर जायची वेळ झाली होती, तरी माझ्या बुजवलेल्या खड्ड्यापाशी जरा बसलो. तो मी रेल्वेच्या इंजिनाची राख टाकून भरला होता. तिच्यातून कधी काही वर आलं नाही.