विसरणार नाही असा पासवर्ड

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण जिच्यात कुणाला साधं खरचटलंही नाही, अशी एक केस निवृत्त झाल्यावरही माझी पाठ सोडत नाही. कारण तिच्यातली पहिली चूक माझी होती.

महाळुंगे पडवळच्या पलीकडच्या एका गावात तरुण मंडळानं मला व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय होता इंटरनेटची सुरक्षितता. प्रत्येक ठाण्यानं गावोगाव असे कार्यक्रम घ्यावेत, असे वरून आदेशच होते. समाजमंदिरात साठ-सत्तर मुलंमुली जमली. शाल-नारळ झाला आणि मी तासभर बोललो. अनोळखी माणसाशी मैत्री करू नका, ओटीपी सांगू नका, न विचारता कुणाचा फोटो टाकू नका. शेवटी म्हणालो, "पासवर्ड कुणाला सांगू नका, कुठं लिहू नका. जन्मात विसरणार नाही असा ठेवा." टाळ्या पडल्या. मंडळाचं इंटरनेटवरचं पान सांभाळणाऱ्या तरुणानं आभार मानले, आणि मी स्वतःवर खूश होऊन ठाण्यात परतलो.

महिनाभरानं त्याच मंडळातली एक मुलगी सकाळी वडिलांबरोबर ठाण्यात आली. वय वीस, बीएस्सीचं दुसरं वर्ष. वडील बागायतदार, बैलगाडा शर्यतीचे नादी. मुलीच्या इंटरनेटवरच्या खात्यावरून नातेवाइकांना, कॉलेजच्या सरांना आणि गावातल्या पोरांना घाणेरडे मेसेज गेले होते. तिला स्वतःला खातं उघडता येत नव्हतं. ठाणे अंमलदारानं अर्ज घेतला, डायरीला नोंद झाली. मी तिला समोर बसवलं आणि सवयीनं पहिलाच प्रश्न टाकला, "खरं सांग, पासवर्ड कुणाला दिला होतास?"

"कुणालाच न्हाई, सर."

"नीट आठव. कुणीतरी असेलच."

वडिलांनी मान खाली घातली. बाहेर पडताना दारातच ते तिला म्हणाले, "सायबांना बी पटत न्हाई, मग भावकीला काय पटंल? उद्यापासून कॉलेज बंद. यंदाच उरकून टाकू." उरकायचं होतं ते तिचं लग्न. मी ते ऐकलं आणि पुढची फाइल ओढली. आमच्या महिला हवालदार म्हणाल्या, "सर, पोरगी खोटं बोलत नाही." मी म्हणालो, "पुरावा येऊ द्या." माहिती मागवण्यासाठी सायबर शाखेला पत्र पाठवलं आणि वाट पाहत बसलो.

पत्राच्या आधी खबर आली. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात आमचा बंदोबस्त होता. क्रेट भरलेली पिकअप बाजूला लावून त्याच मंडळातला एक तरुण माझ्याजवळ आला. जरा घुटमळला, मग म्हणाला, "सायेब, रागावणार नसाल तर बोलू का? पासवर्ड द्यायला कशाला लागतोय? तुमीच म्हणला न्हाई का, जन्मात इसरणार न्हाई असा ठेवा? त्याच सांजच्याला निम्म्या गावानं बदलला. आमच्यात माणूस लग्नाची तारीख इसरंल, पर दावणीच्या बैलाचं नाव इसरायचा न्हाई. समद्यांनी बैलाचं नाव टाकलं आन् म्होरं एक-दोन-तीन!"

"आणि हिनं?"

"तिनं बी तेच केलं. त्यांचा हरण्या लई नावाजलेला. शर्यतीच्या घाटात गाडा पळताना त्याचं नाव भोंग्यावर पुकारत्यात, राव!"

हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा, मला कळेना. मुलीनं पासवर्ड कुणाला दिला नव्हता. तो मीच तिला सुचवला होता.

मग त्यानं पुढचं सांगितलं. मंडळाच्या पानावर हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातले मुलींचे फोटो न विचारता टाकले होते. माझ्या व्याख्यानानंतर या मुलीनं बैठकीत उभं राहून ते काढायला लावले. पान सांभाळणाऱ्या तरुणाला पोरांनी महिनाभर चिडवलं. त्याचा राग त्यानं असा काढला, असा पिकअपवाल्याचा संशय होता. संशयावर गुन्हा उभा राहत नाही, म्हणून मी थांबलो. आठवड्यानं सायबर शाखेचं उत्तर आलं. मुलीचं खातं ज्या मोबाइलवरून उघडलं गेलं होतं, त्याचं सिम पान सांभाळणाऱ्या त्या तरुणाच्या आईच्या नावावर होतं.

त्याला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून आला, मला माझंच व्याख्यान ऐकवू लागला. न विचारता जो जास्त मदत करतो, त्याच्याकडे आम्ही पोलीस जरा निरखून पाहतो. चहा दिला, बोलू दिलं. तो म्हणाला, "सर, तिनंच पासवर्ड कुणाला तरी दिला आसंल." माझ्याच तोंडचं वाक्य! ते त्याच्या तोंडून ऐकताना मला लाज वाटली.

मी आवाज चढवला नाही. म्हणालो, "सिम तुझ्या आईच्या नावावर आहे. नोटीस तिला काढावी लागेल. उद्या तिला इथं बसावं लागेल."

त्याचा चेहराच उतरला. "आईला नगा बोलवू, सायेब. तिला मेसेज सुदिक टाकता येत न्हाई. मीच केलं." अट्टल गुन्हेगार आईच्या नावाला बधत नाही. हा बधला, एवढं त्यातल्या त्यात बरं. पण म्हणून सोडला नाही. पंचांसमक्ष मोबाइल जप्त केला, गुन्हा दाखल केला.

दुसऱ्या दिवशी मी वर्दीत त्या मुलीच्या घरी गेलो. जीप मुद्दाम चौकात उभी केली आणि चालत गेलो, म्हणजे भावकी आपोआप गोळा होते. सगळ्यांसमोर वडिलांना सांगितलं, "हिनं पासवर्ड कुणालाही दिला नव्हता. हिनं माझं ऐकलं आणि माझंच सांगणं अर्धवट होतं. त्या दिवशी मी हिला विचारलं, तेही चुकलं."

वडील म्हणाले, "म्या बी रोज तेच इचारत व्हतो तिला. जेवताना सुदिक." आणि मुलीकडे न बघताच म्हणाले, "उद्या म्याच सोडतो कॉलेजला."

मुलगी दारात उभी होती. ती आभार मानेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "सर, ते भाषण परत द्या. पर या टायमाला आमच्या बापांना आन् चुलत्यांना म्होरं बसवा. पोरींनी काय करायचं न्हाई ते आमाला पाठ हाये. पोरगी रडत घरी आली तर तिला पैलं काय इचारायचं, ते यांना शिकवा."

निवृत्त होईपर्यंत मी तशी व्याख्यानं दिली, वडीलधाऱ्यांना पुढच्या रांगेत बसवून. पासवर्ड कसा ठेवावा हे महिला हवालदार सांगायच्या, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमायचं. मी फक्त माझ्या त्या पहिल्या प्रश्नाची गोष्ट सांगायचो. ठाण्यात कुणी तक्रार घेऊन बसलं की तो प्रश्न तरीही जिभेवर यायचाच. तो गिळायला मला तीस वर्षांची नोकरी लागली, आणि त्यापायी एका मुलीचे कॉलेजचे तीन आठवडे गेले. ते मला तिला परत देता आले नाहीत.