वाईन लिस्ट आणि आडनाव

नाशिकमध्ये त्या काळी 'वाईन शॉप' अशी पाटी असलेल्या दुकानात वाईन सोडून सगळं मिळायचं. रम, व्हिस्की, जिन, वर खारे शेंगदाणे. कुणी 'येताना वाईन आण रे' म्हणालं की समजायचं, क्वार्टर हवी आहे. चहूबाजूंनी द्राक्षाच्या बागा, पण द्राक्षाची दारू कशी लागते हे कुणाला ठाऊक नव्हतं. अशा गावात मी एका हॉटेलसाठी खरीखुरी वाईन लिस्ट तयार केली. ती कशी केली ते सांगतोच, पण ती करून घेणाऱ्यांची मी कशी जिरवली ते सांगायला मला जास्त आवडतं.

सत्तरच्या दशकातली माझी बरीच वर्षं मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात गेली. तिथल्या गोव्याच्या हेड स्टुअर्डने मला वाईन शिकवली. बूच कसं काढायचं, ग्लासात किती ओतायची, कुठल्या जेवणाबरोबर कुठली द्यायची. मी प्यायचो नाही. तोंडात घोळवून थुंकायचो. माझे वडील नाशिकरोडच्या आमच्या वस्तीत शाळामास्तर होते. मी सुट्टीला घरी असलो की रविवारी विहारात पंचशील म्हणताना दारू न पिण्याचं पाचवं शील आलं की त्यांचा आवाज चढायचा आणि नजर माझ्याकडे वळायची. मी थुंकतो, गिळत नाही, असं त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे चूळ भरायचा पगार देतात होय तुला?"

ऐंशीनंतर आई आजारी पडली आणि मी नाशिकला परत आलो. गंगापूर रोडला तेव्हा एक नवं हॉटेल उभं राहत होतं. मालक निफाडकडचे, द्राक्षात पैसा केलेले. सगळे त्यांना शेठ म्हणत. दिंडोरीच्या बाजूला वाईनचा कारखाना निघणार अशी बोलणी चालली होती, त्यासाठी परदेशातली माणसं येऊन जमिनी बघत होती, आणि शेठची जमीन तिकडेच होती. ती कारखान्याच्या गळ्यात मारायची तर पाहुण्यांना वाईन पाजायला हवी, एवढा हिशेब त्यांनी बरोबर केला होता. मी मुंबईच्या हॉटेलातून आल्याचं कळल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं.

"लिस्ट तू कर, हॉल तुझा," शेठ म्हणाले. "काळा कोट शिवू तुला. टेबलाशी तू उभा राहायचं, तूच ओतायचं. दुसऱ्या कुनाचं काम न्हाय ते."

मला नेमकं तेच हवं होतं. मुंबईत मी कायम दुसऱ्याच्या हाताखाली होतो. आपल्या गावात, आपण निवडलेली बाटली, आपल्या हाताने पाहुण्याच्या ग्लासात ओतायची, याहून मोठी इच्छा मला त्या वयात नव्हती. शिंप्याने माझं माप घेतलं तेव्हा मी श्वास रोखून उभा होतो.

मग कामाला लागलो. परदेशी माल मिळणं मुश्किल, म्हणून गोव्याची गोड पोर्ट वाईन आणली, हैदराबादकडची लाल, बंगळूरकडची पांढरी. प्रत्येकीची चव घेतली, निम्म्या नापास केल्या. शेठचं म्हणणं, पहिल्या पानावर रम टाक, लोकांना घरच्यासारखं वाटेल. मी म्हटलं, मग त्याला रम लिस्ट म्हणा. पापलेटसमोर पांढरी लिहिली, तंदूरी कोंबडीसमोर लाल. काळ्या मसाल्याच्या मटणासमोर काय लिहावं यावर बरेच दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी लिहिलं, पाणी. आजही माझं तेच मत आहे.

सगळ्यात शेवटचं पान माझ्या अभिमानाचं होतं. देवळालीत एक वयस्कर पारशी बाई बंगला विकून मुलीकडे निघाल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याने जपलेल्या फ्रान्सच्या जुन्या लाल वाईनच्या दोनच बाटल्या उरल्या होत्या. मी चार वेळा जाऊन त्यांच्याशी गप्पा मारल्या, तेव्हा कुठे त्या मिळाल्या. 'नीट माणसाला पाज,' एवढंच बाई म्हणाल्या. लिस्टवर त्या बाटल्यांपुढे किंमत लिहिली नाही, 'मालकांच्या खास पाहुण्यांसाठी' असं लिहिलं. कोठीतल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ओल्या गोणपाटावर, बूच सुकू नये म्हणून, मी त्या आडव्या ठेवल्या. शेठ बघून हसले, "इथं गिऱ्हाईक आडवं होतं, तू बाटलीच आडवी केली!"

शेठचा मेहुणा सटाण्याकडचा. त्याला कामधंदा नव्हता, म्हणून तो सगळीकडे असायचा. जेवण झालं की खिशातली द्राक्षासवाची बाटली काढायचा, खसाखसा हलवायचा आणि दोन बुचं घशात ओतायचा. पोटाला बरं असतं म्हणायचा. माझी लिस्ट चाळून त्याने मला विचारलं होतं, "हाई आनि आपलं द्राक्षासव, फरक काय शे?" फरक समजावून सांगायला मी बसलो, तर तो उठून गेला.

हॉटेल सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात पगारपत्रकावर सगळ्यांची पूर्ण नावं लिहिली गेली. तोवर मी नुसत्या नावाने ओळखला जात होतो. मेहुण्याने माझं आडनाव वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शेठच्या केबिनमध्ये गेला. संध्याकाळी शेठने मला बोलावलं.

"मला काय न्हाय रे बाबा," ते म्हणाले. "मी असलं मानत न्हाय. पन आपले बागाईतदार येनार, पाव्हनेरावळे येनार. तुझ्या हातचं त्यांना न्हाय चालायचं. तू कोठी सांभाळ. पगार तोच."

पिणार दारू, आणि सोवळं ओतणाऱ्याच्या हाताचं! हे मी त्यांच्या तोंडावर बोललो नाही, याचा राग मला अजून येतो. आईचं औषधपाणी चालू होतं, म्हणून मान हलवून कोठीत गेलो. काळा कोट मेहुण्याला दिला. माझ्या मापाचा कोट त्याच्या पोटावर बसेना, बटणं लागेनात, तरी तो तसाच उघडा टाकून हॉलमध्ये मिरवायचा. मी ठरवलं, ह्या लोकांना सोडायचं नाही. कसं ते माहीत नव्हतं. वाट पाहत राहिलो.

वाट फार पाहावी लागली नाही. हिवाळ्यात कारखान्याची माणसं जमीन बघून दुपारी जेवायला येणार असं ठरलं. एक म्हातारा आणि एक तरुण असे दोन फ्रेंच पाहुणे, त्यांची भाषा जाणणारा मुंबईचा एक साहेब, शिवाय शेठचे चार बागाईतदार. देवळालीच्या बाटल्या काढायचा हुकूम झाला. जुन्या लाल वाईनच्या तळाला गाळ धरतो. पुराच्या दिवसांत आपण गढूळ पाणी घागरीत ठेवून वरचं नितळ तेवढं काढून घेतो, तसंच हिचंही. म्हणून आदल्या दिवशीच मी दोन्ही बाटल्या उभ्या करून ठेवल्या. वाईनशी माझं भांडण नव्हतं.

पाहुणे बसले. मेहुणा कोठीत आला, त्याने एक बाटली उचलून उजेडात धरली.

"तळमा हाई काय शे?"

"गाळ आहे, भाऊसाहेब."

"मंग?"

मी गप्प राहिलो. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तो हसला आणि खिशातल्या द्राक्षासवाच्या बाटलीवर थाप मारली.

"औषधनामायक हलाई लेवानं, आनखी काय!"

"ओतणारे तुम्ही," मी म्हणालो.

तो गेला आणि मी दाराच्या फटीला डोळा लावला. टेबलाशी उभं राहून, पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत, त्याने दोन्ही हातांत बाटली धरली आणि खसाखसा हलवली. कोटाची टोकं दोन्हीकडे उडत होती. तरुण फ्रेंच पाहुणा अर्धा उठला. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. मग ग्लासात जे पडलं ते नाल्याच्या पाण्यासारखं होतं. मला इतका आनंद झाला की तोंडात रुमाल कोंबावा लागला. पारशी बाईंची आठवण झाली आणि क्षणभर कसंतरीच वाटलं, पण क्षणभरच.

म्हाताऱ्याने ग्लास न उचलता काहीतरी विचारलं. मुंबईच्या साहेबाने शेठला सांगितलं, "ही बाटली कुणी निवडली, असं विचारतायत." शेठला वाटलं, माल नासका निघाला. त्यांनी लगेच हात झटकले, "आमचा न्हाय, त्यो कोठीतला मानूस. त्यानंच केली लिस्ट. बोलवा त्याला!"

अशा रीतीने त्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा गेलो. अंगात कोठीतला मळका सदरा होता. म्हाताऱ्याने मला काही विचारलं, साहेबाने ते इंग्रजीत सांगितलं आणि मी माझ्या हॉटेलातल्या इंग्रजीत उत्तर दिलं. बाटली कालपासून उभी होती, हलवली ती आत्ता, आणि अशीच आणखी एक आत आहे. म्हातारा पहिल्यांदा हसला. लिस्टवर बोट ठेवून म्हणाला, दुसरी आणा, आणि ह्यालाच ओतू द्या.

शेठच्या जिवात जीव आला. "आन रे, आन! तूच ओत, राजा. तुझंच काम हाय ते."

मी दुसरी बाटली आणली. बूच अलगद निघालं. वास टेबलभर पसरला. शेठचा धरून आठ ग्लास ओळीने मांडलेले, बागाईतदार आ वासून बघतायत, शेठ हात जोडायच्या बेतात. ज्यासाठी मी गावी परतल्यापासून झुरत होतो ते सगळं समोर मांडलेलं होतं. मी बाटली टेबलावर ठेवली.

"शेठ, माझ्या हातचं ह्यांना चालत नाही ना? आधी माझं आडनाव सांगा सगळ्यांना."

शेठचा चेहरा पांढराफटक पडला. ते समोरचे ग्लास सरळ करू लागले, म्हणून मीच माझं आडनाव सांगितलं, मोठ्याने, विहारात वडील म्हणतात तसं. मग कोट दुसऱ्याला का गेला ते इंग्रजीत सांगितलं. बागाईतदार ताटात बघू लागले. साहेबाने खालच्या आवाजात म्हाताऱ्याच्या कानी घातलं. त्याने शेठकडे एकदा पाहिलं आणि साधं पाणी मागवलं. मी मागच्या दाराने न जाता हॉलमधून, पुढच्या दाराने बाहेर पडलो.

कारखाना त्या जमिनीवर झाला नाही. माझ्यामुळे झाला नाही असं मी म्हणत नाही, पण लोक तसं म्हणायचे तेव्हा मी नाकारतही नसे.

घरी गेलो तर वडील ओसरीत पेरू चिरत बसले होते. नोकरी गेली म्हटल्यावर त्यांनी सुरी खाली ठेवली. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते शाबासकी देतील अशी माझी खात्री होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ओतली नाहीस?"

"नाही. बाटली ठेवली आणि आडनाव सांगितलं."

"चुकलास," वडील म्हणाले. "आधी ओतायची होतीस. शेठच्या ग्लासात, त्या मेहुण्याच्या, चारही बागाईतदारांच्या. शेवटच्या थेंबापर्यंत पिऊ द्यायची होती. मिशा पुसून झाल्या असत्या, मग सांगायचं होतंस आडनाव."

त्यांचं बरोबर होतं. त्या आठवणीने मी अजून चडफडतो.