नळ सोडून रडायचं

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप मी पनवेलमधल्या एका लहान ऑफिसात केली. बंदरावर जाणाऱ्या कंटेनरचे कागद तिथे तयार होतात. आमच्या घरातून ऑफिसात बसणारी मी पहिलीच. तिथे कसं वागायचं हे सांगणारं घरी कुणी नव्हतं.

एका दुपारी कंटेनरच्या नंबरातले दोन आकडे माझ्याकडून उलटे टाईप झाले आणि गाडी बंदराच्या गेटवर अडकली. चूक माझीच होती. सर केबिनमधून बाहेर आले, माझ्या टेबलावर हात आपटला आणि समोर पार्टी, म्हणजे ज्यांचा माल होता ती माणसं, बसलेली असताना ओरडले, "घरात कुणी शिकलेलं नसलं की हे असं होतं." सगळ्या टेबलांवरचं काम थांबलं.

मला रडू आलं. रडत रडतच मी नवा कागद केला, नंबर पुन्हा तपासला, पाठवला. गाडी आत गेली.

संध्याकाळी सरांनी बोलावलं. "चुका होतात," ते शांतपणे म्हणाले. "पण पार्टीसमोर रडलीस, ते अनप्रोफेशनल. सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना सॉरी म्हण. मग तुझ्या इंटर्नशिपच्या फॉर्मवर सही करतो."

त्या सहीशिवाय माझी पदवी अडकणार होती.

"अगं, वॉशरूममध्ये जायचंस ना," शेजारच्या टेबलावरची ताई म्हणाली. "नळ सोडायचा आणि रडायचं. आम्ही सगळ्या तेच करतो."

"आणि सर ओरडतात ते?"

"तो त्यांचा स्वभाव आहे."

मला नीट मांडता येईल की नाही, माहीत नाही. पण त्यांचं ओरडणं हा स्वभाव आणि माझं रडणं हा गुन्हा, हे कुणी ठरवलं? राग ही भावना नसते का? त्यांच्या रागाने तर काम थांबलं होतं. माझ्या रडण्याने नाही.

आई उरण नाक्यावर मासळी विकते. तिला सांगितलं. "माफी माग नी मोकली हो," ती म्हणाली. मावशी गेली त्या आठवड्यात आई रडतच पापलेट कापत होती, गिऱ्हाइकं गप्प उभी होती, कुणी तिला माफी मागायला लावली नव्हती. मी त्याची आठवण करून दिली.

"तो बाजार हाय, बाय. हापीस नाय."

सोमवारी मी उभी राहिले. "नंबर चुकला, त्याबद्दल सॉरी," म्हणाले. "रडले, त्याबद्दल नाही."

ताई खाली बघत होती. सरांनी सही केली, पण ग्रेड एक पायरी खाली दिली. कारण विचारलं तर म्हणाले, "भावनांवर ताबा नाही."

चुकीसाठी खाली आणली असती तर मी मान खाली घालून घेतली असती. ही ग्रेड मला आजही मान्य नाही.