गाऱ्हाणं, लिंक आणि आतेचा पोळपाट

आमच्या आतोबांनी आजवर देवाकडे स्वतःसाठी काही मागितलेलं नाही, आणि दुसऱ्यांसाठी मागायचं म्हणून काही शिल्लक ठेवलेलं नाही. आतोबा म्हणजे माझ्या आतेचे यजमान. डिलाईल रोडच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत राहतात. मालवणी गाऱ्हाणं घालण्यात त्यांचा हात धरणारा माणूस तिथून थेट चिंचपोकळीपर्यंत सापडायचा नाही. ज्यांचा जन्म गाऱ्हाण्याविना वाया गेला आहे, त्यांच्यासाठी सांगतो. पुढ्यात नारळ ठेवून एका जाणत्याने सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागायचं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागे जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा. दुजोरा नसेल तर मागणं वर पोचत नाही, अशी आमच्याकडची पक्की समजूत आहे. गणपतीत आणि होळीला सगळेच गाऱ्हाणं घालतात, पण आतोबांना सणाची गरज लागत नाही. शेजारी नवा फ्रीज आला तरी नारळ घेऊन हजर. परळच्या टॉवरमध्ये राहायला गेलेल्या एका नातेवाइकाकडे तर त्यांनी लिफ्टमध्येच गाऱ्हाणं सुरू केलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली आणि शेवटचं ‘व्हय म्हाराजा’ झाल्यावरच हलली. आम्ही घामाघूम झालो होतो. आतोबांचं म्हणणं, देव ऐकत उभा होता.

गाऱ्हाणं घालताना ते काही हातचं राखत नाहीत, ही खरी भानगड. सगळी नोकरी फोर्टमधल्या एका कचेरीत, तीही डिस्पॅच खात्यात झालेली. त्यामुळे पाकिटावर पत्ता पुरा नसला की त्यांचा जीव कासावीस होतो. देवाकडे मागणं पाठवायचं तर माणसाचं नाव, मूळ गाव, हल्लीचा मुक्काम आणि नेमकं काय दुखतंय ते सगळं आलं पाहिजे. “अरे, अर्ध्या पत्त्यार पार्सल पोचता काय?” असं ते मलाच विचारतात. शेजारच्या मुलाच्या साखरपुड्यात त्यांनी भरल्या मांडवात देवाला सांगितलं, की हा झिल गुणी आहे, पण दोन नोकऱ्या सोडून बसलाय आणि रात्री घोरतो, तेवढं सांभाळून घे रे म्हाराजा. मुलीकडच्यांनीही ओघात ‘व्हय म्हाराजा’ म्हणून टाकलं आणि मग लग्न मोडायची सोयच राहिली नाही. संसार उत्तम चाललाय. आतोबा मात्र या सगळ्याचा एक पैसा घेत नाहीत. नारळसुद्धा ज्याचा त्याला परत. देवाच्या टपालाला तिकीट नसतं, एवढं बोलून ते चपला घालतात.

इथवर सगळं गमतीचं होतं. पण घरात आते होती आणि आतेचा खांदा होता. आतोबांचं पेन्शन म्हणजे नावाला. घर चालायचं ते आतेच्या पोळीभाजीच्या डब्यांवर. लोअर परळच्या काचेच्या ऑफिसांत बसणारी निम्मी पोरं तिच्या पोळ्यांवर पोसली आहेत. मीही त्यातलाच. इतकी वर्षं लाटून लाटून तिचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी सांगितलं, आता पोळपाट बंद. आतेने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कणीक मळायला घेतली. खांदा काय आज आहे उद्या नाही, डबे वेळेवर गेले पाहिजेत, असं तिचं उलटं शास्त्र. आतोबा हे सगळं दारातून बघत होते. संध्याकाळी मला गॅलरीत बाजूला घेऊन म्हणाले, “ह्या गणपतीपूर्वी तिचो पोळपाट पोटमाळ्यार चढवतलंय. माका कायतरी धंदो सांग.”

आता माझं पोट लोकांना नको असलेल्या ई-मेल पाठवण्यावर चालतं, त्यामुळे घरात मला विद्वान समजतात. मीही विद्वानासारखा मांडी घालून बसलो. म्हटलं, आतोबा, तुमच्याकडे बोलणं आहे आणि बोलणं विकायचे दोन रस्ते आहेत. एक, स्वतःची वस्तू बनवा. गाऱ्हाणी रेकॉर्ड करून ठेवायची, ज्याला हवं त्याने पैसे भरून उतरवून घ्यायची. एकदा केलं की जन्मभर विकत बसा. दुसरा रस्ता, दुसऱ्याच्या वस्तूची, म्हणजे कुकर, मिक्सर असल्या जिनसांची, मेलवर शिफारस करायची. खाली लिंक द्यायची, तिच्यावरून कोणी खरेदी केली की तुम्हाला दलाली. बनवणं नाही, साठवणं नाही. आतेने आतूनच निकाल दिला, की एक म्हणजे आपल्या चुलीवरचं सांबारं आणि दुसरं म्हणजे शेजारणीच्या वाटीची वाखाणणी. यांना दुसरंच जमेल, आयुष्यभर तेच केलंय. आतोबांनाही दुसराच रस्ता पटला, पण वेगळ्या कारणाने. गाऱ्हाण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, कुकरचे घ्यायला हरकत नाही.

मेल पाठवायला आधी लोकांचे पत्ते लागतात आणि ते त्यांच्या राजीखुशीने मिळवावे लागतात, एवढं मी सांगितलं होतं. माझी कल्पना, चाळीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकतील. आतोबांनी धुतलेला सदरा घातला आणि ते घरोघर आमंत्रण करत फिरले. डिलाईल रोड झाला, चिंचपोकळी झाली. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या पेन्शनर मंडळींनाही त्यांनी सोडलं नाही. मंगळवारपासून मेल सुरू करतोय, सहकुटुंब वाचायला यावं, असं हात जोडून सांगायचे. एका आजोबांनी तर येताना काय आणू म्हणून विचारलं.

पहिली मेल कुकरची. मी नमुना म्हणून चार चटपटीत ओळी लिहून दिल्या होत्या. आतोबांनी त्या वाचल्या, ह्यात देव खंय हा म्हणून विचारलं, आणि कागद बाजूला सारून स्वतः मजकूर सांगितला. बा देवा म्हाराजा, ज्या घरात डाळ शिजणा नाय थय ती शिजांदे, ज्या सुनेक शिटी आयकाक येणा नाय तिका ती आयकाक येवंदे, आणि जो कोण खालच्या लिंकीर बोट लायत तेच्या घराक बरकत दी रे म्हाराजा. मी कपाळाला हात लावला आणि मेल पाठवली.

पाठवून चहाचा कप तोंडाला लावतोय तोच पहिलं उत्तर आलं. ‘व्हय म्हाराजा.’ मग दुसरं, मग रांगच लागली. शिवाजी पार्कच्या ज्या आजोबांचा मालवणशी संबंध फक्त जेवणापुरता होता, त्यांनीही लिहिलं, ‘व्हय म्हाराजा.’ आमच्या ऑफिसात शंभरातल्या दोघांनी मेल उघडली तरी साहेब पेढे वाटतो. इथे झाडून सगळ्यांनी मेल वाचून उत्तरं दिली होती. आणि लिंकवर बोट? एकाचंही नाही. एकाही माणसाने कुकर घेतला नाही. मी जाऊन दोघातिघांना विचारलंसुद्धा. ते माझ्याकडे वेड्यासारखे बघायला लागले. गाऱ्हाणं चालू असताना मधेच उठून कोणी बाजारात जातो का?

मिक्सरचं तेच झालं, छत्रीचं तेच झालं. वर लोकांनी उत्तरात स्वतःची दुखणी लिहायला सुरुवात केली. कोणाचा जावई, कोणाचा गुडघा, कोणाचं मीटरचं बिल. आतोबा दिवसभर सगळ्यांच्या नावाने देवाकडे तक्रारी पोचवत बसले आणि आतमध्ये आतेचं लाटणं चालूच राहिलं. गणपती जवळ आले होते. चिंचपोकळीच्या कारखान्यांत मूर्तींना रंग चढायला लागला आणि आतोबांचा चेहरा उतरायला लागला. मला खरंच वाईट वाटायचं, पण मेलमधलं नवं गाऱ्हाणं वाचलं की हसूही आवरायचं नाही.

शेवटी मी हट्टाने त्यांना पहिल्या रस्त्यावर आणलं. एका दुपारी फोन समोर ठेवला, माइक लावला, दुजोरा द्यायला मजल्यावरची मंडळी खोलीत कोंबून बसवली. विषय ठरला नव्या घराचा. आतोबांनी डोळे मिटले, हात जोडले आणि लगेच डोळे उघडले. कोणाचं घर? मी म्हटलं, कोणाचंही, नावाची जागा रिकामी सोडा. “रिकाम्या जागेक देव काय दितलो?” या प्रश्नाला मार्केटिंगच्या पुस्तकात उत्तर नाही. माझ्या भिडेखातर त्यांनी नाव न घेता सुरुवात केली, तर गिरणगाव हलवणारा तो आवाज असा निघाला, की जणू बँकेतली बाई फोनवर शिल्लक सांगतेय. त्यात स्वयंपाकघरातून पोळपाटाचं ठकठक, ठकठक. मी आतेला जरा थांबायला सांगितलं. संध्याकाळचे डबे तू लाटतोस का, असं तिने विचारलं. म्हणजे जो पोळपाट पोटमाळ्यावर चढवायला ही खटपट, तोच पोळपाट खटपट होऊ देईना.

मी टेकीला आलो. म्हटलं, आतोबा, मग एखादं खरं नाव घ्या आणि नमुना तरी करा. कोणाचं घेऊ, त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, आतेचं घ्या.

घरचं माणूस म्हणजे आपणच, आणि स्वतःसाठी तर मागायचं नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. मला वाटलं, आता उठून चपला घालतील. ते उठले नाहीत. समोरचा नारळ त्यांनी जरा पुढे सरकवला आणि हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, आज पहिल्यांदा मी माझ्या घरचा सांगतंय. माझी घरकारीण सुनंदा. माहेर देवगडाकडचा, ऱ्हवणार डिलाईल रोड, दुसरो माळो, जिन्याच्या उजव्या हाताक. हिना जल्मभर लोकांची पोटा भरल्यान. तिचो उजवो खांदो दुखता, ता ती कोणाक सांगणा नाय. माका दिसता. तिका आता बसान गरम पोळी खावक मिळांदे रे म्हाराजा.”

दुजोरा द्यायला दहा माणसं बसली होती. एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. या घरात आतेचं नाव आतोबांच्या तोंडून कोणी ऐकलंच नव्हतं. आत ठकठक थांबली होती. आणि मग स्वयंपाकघरातून, हळू आवाजात, एकटी आते म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

धंदा पुढे झाला, पण माझ्या दोन्ही रस्त्यांनी नाही. त्या दिवशी खोलीत बसलेल्यांनी बाहेर बोभाटा केला आणि बदलापूरपासून दुबईपर्यंतची मंडळी आपापल्या नावाचं गाऱ्हाणं मागायला लागली. एकदा करा आणि जन्मभर विका, हे माझं शास्त्र आतोबांनी गुंडाळून ठेवलं. ते प्रत्येकासाठी नवं घालतात. पैशांचा प्रश्न आतेने सोडवला. देव फुकट ऐकतो, पण यांना बसायला लागतं त्या वेळेचं काय, असं ती गिऱ्हाइकाला फोनवर ठणकावते, आणि पत्ता पुरा नसेल तर ऑर्डर घेत नाही. डबे तिने गणपतीच्या आधीच्या आठवड्यात बंद केले. मला धरून सगळ्या पोरांची उपासमार झाली, पण तक्रार कोणाकडे करणार?

पोळपाट आतोबांनी स्वतः स्टुलावर चढून पोटमाळ्यावर ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खाली काढला. कारण फोन समोर लावून बसले, तर आतून आवाज नाही, आणि आवाज नाही तर यांना सूर लागेना. आता रेकॉर्डिंग असलं की आते आत फक्त दोन पोळ्या लाटते, एक त्यांची, एक तिची. दुबईला जाणाऱ्या गाऱ्हाण्यांतसुद्धा ती ठकठक ऐकू येते. एकाने विचारलं होतं, हे कोणतं वाद्य?

पहिली फाइल मात्र कोणाला द्यायची नाही, असं आतोबांनी मला बजावलंय. ती माझ्या फोनमध्ये आहे. ऑफिसात दिवसभर कोणालाही नको असलेली पत्रं पाठवून जीव विटला, की मी ती कानाला लावतो. आधी आतोबांचा आवाज येतो, त्यामागे लाटणं चालू असतं. ‘माका दिसता’ म्हणतात ना, तिथे ते थांबतं. मागणं संपलं की काही वेळ नुसता पंखा. त्यानंतर आतेचे ते दोन शब्द येतात, आणि समोर एवढी मोठी काच असताना, सगळं ऑफिस बघत असताना, मीही हळूच तेच म्हणतो.